आई-बाबांची केअर बिघडली तर काउन्सिलला जाब कसा विचारायचा: इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी

काउन्सिल टॅक्सच्या बिलावर ‘ॲडल्ट सोशल केअर’ अशी एक वेगळी ओळ असते. २०१६ पासून ती तिथे आहे. आपण एकूण आकडा बघतो, डायरेक्ट डेबिट चालू आहे ना याची खात्री करतो आणि बिल ड्रॉवरमध्ये टाकतो. पण घरी येणारी केअर, केअर होम, डे सेंटर हे सगळं ज्या खात्यातून चालतं, त्या खात्यासाठी ही वसुली असते. या खात्याच्या कामावर, आणि सोबत एनएचएसच्या स्थानिक सेवांवरही, लक्ष ठेवायला निवडून आलेल्या काउन्सिलरांची एक समिती असते. तिला साधारणपणे हेल्थ स्क्रूटिनी कमिटी म्हणतात. तिची बैठक उघडी असते. कुणीही जाऊन बसू शकतं, आणि बहुतेक काउन्सिलांत प्रश्नही विचारता येतो. मी गेले तेव्हा प्रेक्षकांच्या खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत म्हातारं माणूस आहे, पण अशी समिती असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तिथपर्यंत कसं पोचायचं ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. सगळं फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे.

१. आधी दोन वाटा वेगळ्या करा

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

स्क्रूटिनी कमिटी तुमच्या आईची केस हातात घेत नाही. ‘आमच्याकडे केअर वर्कर उशिरा येते’ असं सांगायला गेलात तर अध्यक्ष अदबीने थांबवतील आणि तक्रार विभागाकडे पाठवतील. त्यात त्यांचा दोष नाही, नियमच तसा आहे. समिती बघते ती सेवा: उशीर सगळीकडेच होतोय का, का होतोय, आणि काउन्सिल त्यावर काय करतेय.

म्हणून वैयक्तिक तक्रारीची वाट आधी सुरू करा. काउन्सिलने लावून दिलेली केअर असेल तर तक्रार काउन्सिलकडे किंवा एजन्सीकडे, दवाखान्याची किंवा डिस्ट्रिक्ट नर्सची असेल तर एनएचएसकडे. घटनेपासून, किंवा ती तुम्हाला कळल्यापासून, १२ महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. काउन्सिल आणि एनएचएस यांनी ३ कामकाजी दिवसांत पोच द्यायला हवी. उत्तराने समाधान झालं नाही तर पुढची पायरी लोकपालाची, म्हणजे ओम्बड्समनची. सोशल केअरसाठी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, एनएचएससाठी पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समन. दोन्ही फुकट.

‘आम्ही केअरचे पैसे स्वतःच भरतो, मग तक्रार कुठे करणार?’ हे मी फार वेळा ऐकलंय. सोशल केअरचा ओम्बड्समन स्वखर्चाने घेतलेल्या केअरच्या तक्रारीही बघतो. एजन्सीकडे आधी लेखी तक्रार केलेली असली की झालं.

मारहाण, पैशांची लुबाडणूक, उपाशी ठेवणं, बेडसोअर चिघळू देणं असलं काही असेल तर ना तक्रार, ना समिती. त्याच दिवशी काउन्सिलच्या ॲडल्ट सेफगार्डिंग टीमला फोन करा. जिवाला धोका असेल तर ९९९.

दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाता येतं. एकीचं उत्तर येईपर्यंत दुसरी थांबवायची गरज नाही.

२. जबाबदार काउन्सिल कोणती ते नक्की करा

हॅरो, ब्रेंट, हाउन्स्लो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, लेस्टर इथे प्रश्न नाही. एकच काउन्सिल, तिचीच सोशल केअर. पण तुम्ही वॉटफर्डला राहत असाल तर कचरा नेणारी काउन्सिल वेगळी आणि आजीला केअर देणारी वेगळी: सोशल केअर हर्टफर्डशर काउंटी काउन्सिलकडे. वोकिंगला राहणाऱ्यांसाठी ती सरे काउंटीकडे. दोन थर असलेल्या भागात सोशल केअर आणि हेल्थ स्क्रूटिनी दोन्ही काउंटीकडे असतात. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की दोन्ही नावं येतात. काही काउंट्यांची सध्या पुनर्रचना चालू आहे, त्यामुळे जुन्या ईमेलवर विसंबून राहू नका.

एनएचएसच्या बाजूने पैसा वाटणाऱ्या संस्थेला इंटिग्रेटेड केअर बोर्ड म्हणतात. जुलै २०२२ मध्ये अशी ४२ बोर्डं झाली, आता त्यांचं एकत्रीकरण सुरू आहे. एखादा बदल अनेक बरोंना, म्हणजे लंडनच्या काउन्सिलांच्या भागांना, लागू होत असेल तर काउन्सिलांची संयुक्त समिती बसते. वायव्य लंडनमध्ये अशी समिती आहे, त्यामुळे हॅरो-ब्रेंटकडच्या हॉस्पिटलांचे मोठे विषय कधीकधी बरोच्या बैठकीत सापडतच नाहीत. तिथे शोधा.

३. बरोबर समिती गाठा

काउन्सिलच्या वेबसाइटवर ‘मीटिंग्ज’ किंवा ‘डेमोक्रसी’ असा विभाग असतो. समितीचं नाव प्रत्येक ठिकाणी निराळं: कुठे हेल्थ ओव्हरव्ह्यू अँड स्क्रूटिनी, कुठे ॲडल्ट्स अँड हेल्थ, कुठे पीपल स्क्रूटिनी. नावात ‘स्क्रूटिनी’ किंवा ‘सिलेक्ट’ शब्द बहुधा असतो.

हेल्थ अँड वेलबीइंग बोर्ड ही ती समिती नव्हे. तिथे काउन्सिलचे अधिकारी आणि एनएचएसची माणसं एकत्र बसून धोरण ठरवतात. ज्यांनी धोरण ठरवलं त्यांनाच जाब विचारायचा असेल तर स्क्रूटिनी. तिच्यात काउन्सिलचे निर्णय घेणाऱ्या कॅबिनेटचे सदस्य बसू शकत नाहीत, बाकीचे काउन्सिलर असतात, सगळ्या पक्षांचे.

समितीच्या हातात काय आहे? ती एनएचएसच्या संस्थांकडून माहिती मागू शकते, त्यांच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावू शकते. सेवेत मोठा बदल करायचा असेल तर एनएचएसला तिच्याशी सल्लामसलत करावीच लागते. ती शिफारशी करते, आणि उत्तर मागितलं तर एनएचएसला २८ दिवसांत, काउन्सिलच्या कॅबिनेटला दोन महिन्यांत ते द्यावं लागतं. हुकूम मात्र ती काढू शकत नाही. हॉस्पिटलमधला वॉर्ड बंद करणं अडवण्यासाठी प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे धाडायचा तिचा जुना अधिकारही ३१ जानेवारी २०२४ पासून गेला. आता मंत्री स्वतः प्रकरण हातात घेऊ शकतात, आणि तशी विनंती तुम्ही-आम्ही कुणीही करू शकतो. ती करण्याआधी स्थानिक पातळीवरचे मार्ग वापरलेत हे मात्र दाखवावं लागतं, आणि बैठकीतला प्रश्न त्यासाठीही कामी येतो.

‘नुसत्या शिफारशी करणाऱ्या समितीचा काय उपयोग?’ असं वाटेल. स्टॅफर्ड हॉस्पिटलच्या चौकशीचा २०१३ चा फ्रान्सिस अहवाल यावर बोलका आहे. तिथल्या रुग्णांचे हाल होत असताना स्थानिक स्क्रूटिनी समित्यांनी खरी छाननी केलीच नाही, अधिकाऱ्यांनी सांगितलं ते ऐकून घेतलं, असा त्यात ठपका आहे. समिती तेवढीच कडक होते, जेवढे समोरचे प्रश्न टोकदार असतात. काउन्सिलांचे पैसे आटलेले असताना तर जास्तच. स्लावने २०२१ मध्ये आणि बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये सेक्शन ११४ची नोटीस काढून तिजोरी रिकामी असल्याचं जाहीर केलं होतं. कात्री लागते तेव्हा डे सेंटर आणि होम केअरचे तास कात्रीच्या अगदी जवळ असतात.

४. बैठकीचे कागद वाचा

अजेंडा बैठकीच्या किमान पाच पूर्ण कामकाजी दिवस आधी जाहीर करावा लागतो. बऱ्याच काउन्सिलांच्या पानावर ‘पब्लिक रिपोर्ट्स पॅक’ नावाची एकच पीडीएफ मिळते. ती शंभर-दोनशे पानांची असेल. सगळी वाचू नका. बघायच्या जागा चार:

- मागच्या बैठकीचं इतिवृत्त. कुणी काय कबूल केलं होतं?
- ॲक्शन लॉग. कबूल केलेलं झालं का, की ‘ऑनगोइंग’ लिहून पुढे ढकललंय? तीन बैठका ‘ऑनगोइंग’ राहिलेली ओळ म्हणजे तुमचा प्रश्न तयारच आहे.
- वर्क प्रोग्रॅम. वर्षभरात कोणते विषय येणार. तुमचा विषय यादीतच असेल तर त्या बैठकीला प्रश्न नेणं सगळ्यात चांगलं.
- कामगिरीचा तक्ता. लाल आणि पिवळे चौकोन बघा, आणि बाजूला दिलेलं कारण वाचा. ‘भरतीची अडचण’ हे कारण दर तिमाहीला तसंच छापलेलं दिसेल.

यासोबत सीक्यूसीचे, म्हणजे केअर सेवांची तपासणी करणाऱ्या नियामक संस्थेचे, दोन कागद काढा. एक तुमच्या एजन्सीचा किंवा केअर होमचा तपासणी अहवाल, दुसरा काउन्सिलचा. २०२३ पासून सीक्यूसी काउन्सिलांच्या सोशल केअरचंही मूल्यमापन करते. हा दुसरा अहवाल लोकांना माहीतच नसतो. ‘लोकांना असेसमेंटसाठी (कोणती मदत लागते ते तपासून घ्यायला) फार थांबावं लागतं’ असं नियामकानेच लिहून ठेवलेलं असलं तर तुम्हाला वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही.

५. घरचा पुरावा जमवा

वही घ्या, फ्रिजजवळ ठेवा. केअर वर्कर गेली की एक ओळ:

‘मंगळवार. ठरलेली वेळ ८.३०, अर्धा तास. आली ९.४०, गेली ९.५५. गोळ्या दिल्या, आंघोळ नाही. नवीन मुलगी, आईला ओळखत नाही.’

एवढंच. ‘नेहमीच उशीर होतो’ या वाक्याला कुणी किंमत देत नाही, या ओळीला देतात. वर्करवर राग काढू नका. ती बिचारी तीन घरं आणि दोन बसेस करून आलेली असते. तिचं रोटा कोण लावतं, हा खरा प्रश्न.

मग आजूबाजूला विचारा. मराठीच कशाला, गुजराती, तमिळ, पोलिश शेजारीही. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, देवळात, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये या गोष्टी निघतातच, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. चार घरांच्या वह्यांत एकच गोष्ट असेल तर तो समितीपुढे नेण्याचा विषय झाला.

आकडे काउन्सिलकडे असतात. वेबसाइटवर नसतील तर फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन कायद्याखाली ईमेल करा. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच कायदा, फक्त इथे फी सहसा नसते आणि मुदत २० कामकाजी दिवसांची. नेमकं मागा: कालावधी, सेवा, आकडा. ‘होम केअरबद्दल सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर ‘फार खर्चिक’ म्हणून परत येईल.

६. प्रश्न लिहा

गाऱ्हाणं आणि प्रश्न यांतला फरक इथे कळतो. ‘तुमची एजन्सी इतकी वाईट का आहे?’ याला ‘आम्ही गुणवत्तेसाठी कटिबद्ध आहोत’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी असं काहीतरी, अर्थात इंग्रजीत:

‘गेल्या १२ महिन्यांत काउन्सिलने ठरवून दिलेल्या होम केअरच्या भेटींपैकी किती टक्के भेटी अर्ध्या तासापेक्षा कमी होत्या? अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाच्या भेटींबाबत नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्या अटी आहेत, त्या एजन्सी पाळतात का हे काउन्सिल कसं तपासतं? ही आकडेवारी समितीपुढे केव्हा मांडली जाईल?’

एक आकडा, एक निकष, एक तारीख. निकष माहीत असणं महत्त्वाचं. नाइस, म्हणजे आरोग्य आणि केअरसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी राष्ट्रीय संस्था, म्हणते की अर्ध्या तासापेक्षा छोटी भेट तेव्हाच ठेवावी, जेव्हा येणारी व्यक्ती ओळखीची असेल, भेट मोठ्या व्यवस्थेचा भाग असेल, आणि ठरावीक मर्यादित काम किंवा फक्त ‘ठीक आहात ना’ एवढंच बघायचं असेल. नवीन मुलगी पंधरा मिनिटांत आंघोळ घालणार हे त्यात बसत नाही.

आपल्या लोकांसाठी दुसरा एक विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. डिमेन्शियात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते. तीस वर्षं इथल्या पोस्टात इंग्रजीत नोकरी केलेले आजोबा मराठीत पाणी मागायला लागतात, आणि नोंदीत ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलं जातं. केअर घेणाऱ्यांच्या भाषेची नोंद काउन्सिल ठेवते का, असेसमेंटला दुभाषी किती वेळा दिला, आणि २०१० च्या इक्वालिटी कायद्याखालचं कर्तव्य एजन्सीच्या कंत्राटात कुठे लिहिलंय, हे तीन प्रश्न कुठल्याही काउन्सिलमध्ये विचारण्यासारखे आहेत.

आई-वडिलांचं नाव, पत्ता, आजार, वर्करचं नाव यांतलं काहीही प्रश्नात घालू नका. प्रश्न जाहीर कागदपत्रांत छापला जातो आणि कायम राहतो. नावं आली तर तो नाकारलाही जाऊ शकतो.

७. पाठवा, आणि काउन्सिलरला सोबत घ्या

प्रश्न ‘डेमोक्रॅटिक सर्व्हिसेस’ विभागाला ईमेलने जातो. अजेंड्याच्या पहिल्या पानावर त्या अधिकाऱ्याचा पत्ता असतो. मुदत, शब्दमर्यादा, बोलायला मिळणारी मिनिटं, राहत्या पत्त्याची अट हे सगळं प्रत्येक काउन्सिलच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ नावाच्या नियमावलीत असतं, आणि ते खरंच निरनिराळं असतं. काही ठिकाणी अजेंडा निघेपर्यंत प्रश्नाची मुदत संपतही आलेली असते, म्हणून तारीख आधीच विचारा. ही मंडळी सहसा मदत करतात. मसुदा लवकर पाठवलात तर ‘हा शब्द काढा, नाहीतर नियमात बसणार नाही’ असंही सांगतात.

तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकाला, तोच मजकूर पाठवा. कुठलाही काउन्सिलर आपल्या वॉर्डातला विषय स्क्रूटिनीच्या अजेंड्यावर ठेवायला सांगू शकतो. त्यांच्या ‘सर्जरी’ला जा, म्हणजे लायब्ररीत वगैरे लोकांना भेटायला बसतात तिथे. एक पान न्या, फाइल नको.

इथे बरेच जण ‘आपण अजून इंडियन पासपोर्टवर आहोत, आपलं कोण ऐकणार’ म्हणून मागे राहतात. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. इथे राहायची वैध परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला काउन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं, पार्लमेंटच्याही. नाव नोंदवायचं आपल्यालाच, आणि मतदान केंद्रावर भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. काउन्सिलरला लिहिताना मी सहीखाली पत्ता टाकते आणि ‘तुमच्या वॉर्डातली मतदार’ असं लिहिते.

८. बैठकीच्या संध्याकाळी

- छापलेला प्रश्न, आणि त्याचाच एक पूरक प्रश्न मनाशी तयार. पूरक विचारायची परवानगी असेल तर उत्तर ऐकून विचारायचा असतो.
- वहीतल्या नोंदींचा गोषवारा, नावांशिवाय.
- सीक्यूसी अहवालाचं ते एक पान.
- फोन चार्ज केलेला. उघड्या बैठकीचं चित्रण करायला २०१४ पासून कायद्याने मुभा आहे, फक्त कामात व्यत्यय आणायचा नाही.

‘आम्ही लेखी उत्तर देऊ’ असं म्हणाले तर तिथेच विचारा: ‘केव्हापर्यंत? आणि इतिवृत्तात नोंद होईल ना?’ मग तो विषय ॲक्शन लॉगमध्ये जातो, आणि पुढच्या बैठकीत त्यांनाच त्याचा हिशोब द्यावा लागतो. अजेंड्याच्या शेवटी ‘पार्ट टू’ असेल तर त्या वेळी बाहेर जावं लागतं, कंत्राटांचे पैसे वगैरे तिथे बोलतात. तुम्हाला हाकलत नाहीयेत, सगळ्यांनाच जावं लागतं.

९. नंतरचा पाठपुरावा

इतिवृत्ताचा मसुदा आला की तुमचा प्रश्न आणि उत्तर नीट उतरलंय का बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत मंजूर व्हायच्या आधी कळवा.

आरोग्य आणि केअरबद्दल लोकांचं म्हणणं मांडणाऱ्या स्थानिक हेल्थवॉच संस्थेलाही लिहा. त्यांना केअर होममध्ये जाऊन पाहायचा अधिकार आहे, आणि त्यांनी विषय स्क्रूटिनीकडे पाठवला तर समितीला २० कामकाजी दिवसांत पोच द्यावी लागते. हेल्थवॉच बंद करायचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला आहे, तेव्हा तुमच्या भागातलं चालू आहे का ते आधी बघा. सीक्यूसीच्या वेबसाइटवर ‘गिव्ह फीडबॅक ऑन केअर’मध्ये अनुभव टाका. ती वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, पण पुढची तपासणी कुठे करायची हे ठरवताना असे अनुभव बघते.

जवळ असू द्यावेत असे कागद

- केअर अँड सपोर्ट प्लॅन. कोणती मदत, किती वेळ, हे त्यात असतं. नसेल तर मागा. प्लॅनच नसेल तर २०१४ च्या केअर कायद्याखाली नीड्स असेसमेंट मागा. असेसमेंटला उत्पन्नाची अट नाही, पैशांचा हिशोब त्यानंतर होतो. २३,२५० पौंडांहून जास्त बचत असेल तर खर्च साधारणपणे स्वतःचा, पण असेसमेंटचा हक्क तरीही आहे.
- घरात सेवा करणाऱ्या मुलीचं, मुलाचं, सुनेचं स्वतंत्र असेसमेंट. हाही हक्कच, आणि आपल्याकडे तो कुणी मागत नाही, कारण ‘त्यात काय मागायचं’.
- आईच्या वतीने तक्रार करत असाल तर तिची लेखी संमती, किंवा आरोग्यविषयक लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी. भारतात केलेलं मुखत्यारपत्र इथे चालेलच असं धरून बसू नका.
- एजन्सीची बिलं आणि तक्रारीचे सगळे ईमेल. फोनवर बोलणं झालं तर लगेच ‘आत्ता आपण असं बोललो’ असा ईमेल टाका.

व्हिसाचं एक. समितीच्या बैठकीला बसण्याशी व्हिसाचा काही संबंध नाही. पण आई-वडील अवलंबून असलेल्या नातेवाइकांच्या व्हिसावर आले असतील, तर त्यांना सांभाळायची लेखी हमी तुम्ही दिलेली असते. अशा वेळी काउन्सिलकडे केअर मागण्याआधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला भेटा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

आणि तारखा बघून ठेवा. मे महिन्यात काउन्सिलच्या निवडणुका असतील तर त्याआधीच्या काही आठवड्यांत बैठका कमी होतात, आणि निकालानंतर समितीच नवी बनते. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं, कपातींचे कागद त्याआधीच्या बैठकांत येतात. डे सेंटरबद्दल विचारायचं असेल तर नोव्हेंबरपासूनच अजेंडे उघडून बघायला लागा.